चि. सौ. कां. कुसुमावती

कुसुमावती निकमने ठसा करायला दिला, तेव्हा लग्न ठरल्याचं वाडीत अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. लुगड्यांवर छापायचे लाकडी ठसे कोरणारा एक कारागीर गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याच्यापुढे तिने कागद ठेवला. एक कोयरी, एक पान, पुन्हा कोयरी, अशी सलग वेल तिने स्वतः काढली होती.

"कशावर उमटवायचं, बेन?" त्याने विचारलं.

"सगळ्यावर," ती म्हणाली.

मांडवाच्या झालरीवर, पाटांखालच्या बैठकीवर आणि लग्नपत्रिकेच्या चारी कडांना तीच वेल हवी होती. अंतरपाटावर मात्र ती छापायची नव्हती, लाल रेशमाने भरायची होती. कुसुमावती कन्याशाळेत भरतकाम शिकवायची. मांडवात पाऊल टाकणाऱ्याला सगळं एका हातचं वाटलं पाहिजे, असं तिने मनाशी धरलं होतं. रंग दोनच, हळदीचा आणि कुंकवाचा.

हे दोन्ही रंग तिच्या अंगावरून उतरून दहा वर्षं झाली होती. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी नवरा प्लेगच्या साथीत गेला. माहेरी परतल्यावर ती घरकाम उरकून शिकली, परीक्षा दिली आणि शाळेत लागली. आता ती सव्वीस वर्षांची होती. शाळेच्या नव्या इमारतीसाठी जागा मोजायला मोजणी खात्यातले भास्करराव जगताप आले होते. ते नकाशे काढायचे. वय पस्तीस, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. त्यांनी मागणी घातली ती तिच्या भावाला नाही, तिलाच, पत्र लिहून. तिने आठ दिवस विचार केला आणि "हो" असं उत्तर धाडलं.

विधवेच्या लग्नाला बडोद्याच्या राज्यात कायद्याने मुभा मिळून सात वर्षं झाली होती. थोरले बंधू जगदेवराव सरकारी पागेत जमादार होते, त्यांना हे माहीत होतं. ते ओरडले नाहीत. आपण मोठ्या मनाने वागतो आहोत, अशीच त्यांची समजूत होती.

"मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण रीत असते. अंधार पडल्यावर, मागच्या खोलीत, चार माणसांत पाट लावून देऊ. मांडव नको, वाजंत्री नको. पत्रिका तर मुळीच नको. काय छापणार तिच्यावर?"

"लग्न आहे, ते छापणार."

"कुसुम, मला दोन पोरी आहेत. उद्या त्यांना स्थळं बघायची आहेत."

"म्हणूनच उजेडात करायचं, दादा. मी चोरी करत असते तर रात्री केली असती."

जगदेवरावांचा चेहरा उतरला. पागोटं डोक्यावर ठेवत ते उठले. "मग माझं नाव घालू नकोस. आमंत्रण कुणाच्या नावानं धाडायचं ते तुझं तू बघ."

दोघांच्या आई, मथुराबाई, कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. नवरा गेल्यापासून मुलाच्या शब्दापुढे त्यांनी कधी शब्द टाकला नव्हता. सुपातून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "माझं घाल."

रावपुऱ्यात गुणवंतलाल यांचा छापखाना होता. कुसुमावती ठसा आणि मजकूर घेऊन तिथे गेली. वेल पाहून गुणवंतलाल खूश झाले. अशी कंकोत्री, अशी लग्नपत्रिका अख्ख्या बडोद्यात कुणाची नसेल, असं ते म्हणाले. पण मजकूर वाचल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "शाई काळी वापरू ना, बेन? साधी, शोभेल अशी?"

"काळ्या शाईनं मरणाची पत्रं छापतात," ती म्हणाली. "मला कुंकवाचा लाल हवा. कागद पिवळा. वर गणपती."

चार दिवसांनी ती नमुना पाहायला गेली. वेल सुरेख उठली होती आणि लाल रंग मनासारखा आला होता. मग तिची नजर आपल्या नावावर गेली. नावाआधी दोन अक्षरं होती, गं. भा. दहा वर्षं हीच अक्षरं तिला चिकटली होती. शाळेच्या हजेरीपत्रकात होती, पत्रांवर होती. आता ती लग्नाच्या पत्रिकेवरही येऊन बसली होती.

"हे कुणी घातलं?"

छपाईचे खिळे जुळवणारे श्रीकृष्णपंत चष्म्यावरून पाहू लागले. "मी घातलं. तीस वर्षं पत्रिका जुळवतोय बाई. कुमारिका असली की चि. सौ. कां., आणि विधवा असली की गं. भा. तुम्ही मजकुरात चुकून दुसरं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त केलं."

"चुकून नव्हतं लिहिलं. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे काय हो, पंत?"

"सौभाग्याची आकांक्षा धरणारी."

"मग मी दुसरं काय धरून बसलेय?"

तिने नमुन्यावर बोट ठेवलं. "हे भास्करराव. यांच्या नावाआधी काय लावलंत?"

"चि."

"यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली. कानावरचे केस पांढरे झालेत. तरी चिरंजीव?"

"नवरदेव आहेत ते!"

"आणि मी कोण आहे?"

छापखान्यातलं यंत्र थांबलं होतं. ते चालवणारा माणूस कान देऊन ऐकत होता. पंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि ते म्हणाले, "ते माझ्या हातून जुळायचं नाही. दुसऱ्या कुणाला सांगा." ते आत निघून गेले.

गुणवंतलाल मध्ये पडले. "तुमचे भाईही काल येऊन गेले, बेन. त्यांनी तर छापूच नका म्हणून सांगितलं. मी छापतो. पण नाव नुसतं छापतो, पुढे काही नको. तुमचंही राहील, त्यांचंही राहील."

दुसरा छापखाना शोधायचा तर मुहूर्त हातचा जायचा. कुसुमावती म्हणाली, "छापा. पण माझ्या नावाआधी बोटभर जागा कोरी सोडा."

दीडशे पत्रिका घरी आल्या. मथुराबाईंच्या नावाआधी गं. भा. होतं. ते त्यांनीच ठेवायला लावलं होतं. "माझं खरं आहे ते, राहू दे," त्या म्हणाल्या होत्या. कुसुमावतीने लाल शाईची दौत उघडली, बोरू बुडवला आणि पहिल्या पत्रिकेवरच्या कोऱ्या जागेकडे हात नेला. तेवढ्यात मथुराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"तुझ्याबद्दल तूच लिहिणार? हे आईनं म्हणायचं असतं."

"आई, तुला लिहिता कुठे येतं?"

"तीनच तर अक्षरं आहेत. दाखव."

दोन दिवस त्या पाटी घेऊन बसल्या. चि लिहिताना वेलांटी उलटी जायची, सौच्या दोन मात्रा एकमेकींवर आपटायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोरू हातात घेतला. एकेका पत्रिकेला इतका वेळ लागे की वाटीतला चहा गार होऊन जाई. काही पत्रिकांवर कांवरचं टिंब राहून गेलं. कुसुमावतीने एकही पत्रिका बाजूला काढली नाही.

जगदेवरावांची पत्रिका तिने स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती हातात घेतली आणि नावाआधीच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"आईचं."

"आईला लिहिता येत नाही."

"एवढंच येतं," कुसुमावती म्हणाली.

त्यांनी पत्रिका परत केली नाही. येतो असंही म्हणाले नाहीत. चुलते पिलाजीराव यांच्याकडून मात्र पत्रिका उलट टपाली आली. ती तीन अक्षरं चाकूने खरवडून काढलेली होती, इतकी की कागदाला भोक पडलं होतं. मथुराबाईंनी भोकाच्या वरच्या बाजूला ती पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा मोठी, आणि कुसुमावतीने पत्रिका त्याच पत्त्यावर धाडली.

वैशाखातल्या सकाळी मांडव उभा राहिला. कासारणीने हिरवा चुडा भरला तेव्हा कुसुमावतीला स्वतःचा हात परका वाटला. रिकाम्या मनगटाची इतकी सवय झाली होती की बांगड्यांच्या आवाजाने ती दोनदा दचकली. बैठकी पुष्कळ मांडल्या होत्या, माणसं त्यामानाने थोडी आली. आजूबाजूच्या गच्च्या मात्र भरल्या होत्या. जेवायला न येणारे पाहायला आले होते. मोकळ्या जागा तिने नजरेनेच मोजल्या. मग शाळेतल्या मुली घोळक्याने शिरल्या आणि पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्या पाठोपाठ वहिनी आल्या, दोन्ही पोरींना जरीचे परकर नेसवून. जगदेवराव आले नाहीत.

अंतरपाट धरला गेला. लाल रेशमाच्या कोयऱ्यांपलीकडे भास्कररावांच्या मुंडावळ्यांची टोकं तेवढी हलत होती. एका सवाष्णीने मथुराबाईंना मागे बसायला सुचवलं. कुसुमावतीने बोहल्यावरूनच मान वळवून सांगितलं, "आई इथं, माझ्या शेजारी उभी राहील. आमंत्रण तिचं आहे." मथुराबाई पुढे आल्या आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

दुपार कलताना वरात निघाली. भास्कररावांचं घर लहरीपुऱ्याच्या पलीकडे होतं, म्हणजे भर बाजारातून जायचं. उन्हात तापलेल्या टांग्यात दोघं बसली, पुढे वाजंत्री. लहरीपुऱ्याच्या वेशीच्या दरवाज्यापाशी दुकानदार गाद्यांवरून उठून पायऱ्यांवर आले. एका पेढीवरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "दुसरेपणाची बायको, आणि मिरवणूक दिवसाढवळ्या!" लोक हसले. सनईवाल्याने सनई तोंडातून काढली आणि पावलं उचलली. इथून लवकर सटकावं, असं त्याला वाटलं असावं.

"थांबवा," कुसुमावती म्हणाली.

भास्कररावांनी तिच्याकडे पाहिलं. "पुढे जाऊन वाजवतील ना."

"नाही. इथेच."

भास्करराव क्षणभर चुळबुळले. मग टांग्यातून वाकून त्यांनी सनईवाल्याला हाक मारली आणि तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला. टांगा त्या पेढीसमोर उभा राहिला. सनई सुरू झाली, चौघडा मागून आला. मुंडावळ्या बाजूला सारून कुसुमावती पायऱ्यांवरच्या माणसांकडे एकेक करून पाहत होती. कुणी आत वळला, कुणी कापडाचा ताका उगाचच उलगडायला लागला. सबंध चीज वाजून संपेपर्यंत तिने टांगा हलू दिला नाही.

जगदेवराव त्या वर्षी भाऊबीजेला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, पाटावर बसले, ओवाळून घेतलं आणि जेवून गेले.