मसणवटीतलं रॅबिट

"गोण्या लिफ्टने जाऊ देत. बायका जिन्याने जातील," मॅडम म्हणाल्या.

माझ्याशी नाही बोलल्या, मुकादमाशी बोलल्या. मी समोरच उभी होते. डोक्यावर चुंबळ, अंगभर सिमेंटची धूळ. नवीन पनवेलमधली बिल्डिंग, पाचवा मजला. त्यांच्या बाथरूमच्या जुन्या लाद्या आम्ही फोडत होतो, मी आणि माझी नणंद सुगंधा. लाद्या चांगल्या होत्या. निळ्या, वर पांढरे शिंपले. मॅडमना त्यांचा कंटाळा आला होता.

मुकादमाने लिफ्टमध्ये गोणपाट अंथरलं. फुटक्या लाद्या, विटा, सिमेंटची ढेकळं, या सगळ्याला इथे रॅबिट म्हणतात. रॅबिट लिफ्टने खाली गेलं. आम्ही पायऱ्या उतरलो. गोण्या टेंपोत भरायच्या, परत पायऱ्या चढायच्या. दिवसभर. कातकऱ्याच्या पोरीला गप्प बसायला वेगळं शिकवावं लागत नाही.

मध्ये सुट्टी आली. भाऊ म्हणाला, आईला नारळ ठेवून येऊ. आमची वाडी टेकडीच्या पायथ्याशी. वाडीमागे ओढ्याकाठी मसणवट. आम्ही माणूस पुरतो, वर दगड ठेवतो. नाव नाही, कठडा नाही. ज्याचा दगड त्याला ठाऊक. आईच्या दगडाला लागून करवंदीची जाळी होती.

जाळी दिसेना. ओढा दिसेना. नुसते ढीग. आणि एका ढिगावर निळं काहीतरी.

जवळ गेले. पांढरे शिंपले. माझ्याच हातोड्याने फुटलेले.

मी हातांनी उपसायला लागले. एक लादी काढावी तर वरून चार घसरत. बोट कापलं. भावाने दंड धरून मला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मुकादम आमच्या शेजारच्याच गावचा. त्याला विचारलं, टेंपो कुठे खाली करतोस?

"मोकल्या जाग्यावर," तो म्हणाला. "तुमच्या वाडीच्या मागं. तिथं कोन हाय?"

"माझी आय हाय."

त्याला कळलं. मग तो चिडला. लाद्याविटा दळून त्यांची खडी करतात, फुटपाथचे ठोकळे पाडतात, असं यंत्र आहे म्हणाला, पण लांब. एका बाथरूमचा माल तिकडे नेला तर डिझेल आणि तिथला दर भरून त्याच्या हाती काय राहणार? तरी मॅडमना दिलेल्या हिशेबात त्याने तो खर्च धरला होता. मॅडमनी काढून टाकला. बिल्डिंगमध्ये अजून दोन घरांत तोडफोड चालू होती. तिघांनी मिळून एकच गाडी केली तर परवडेल, हेही त्याने त्यांना सांगून बघितलं होतं. शेजाऱ्यांच्या पाया कोण पडणार, असं उत्तर मिळालं होतं.

आमचा आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मसणवट, दगड, शिंपले. मध्ये एकदाही त्यांनी तोडलं नाही. वाटलं, पोचलं. मग म्हणाल्या, "पण तिथे बोर्ड वगैरे काही नाहीये ना? मग कळणार कसं कुणाला?"

बोर्ड. माझ्या आईच्या छातीवर बोर्ड हवा होता.

मी घमेलं खाली ठेवलं. "माल कुठं जानार ते आधी सांगा. नायतर मी भरनार नाय."

मॅडम माझ्याकडे न बघता मुकादमाला म्हणाल्या, दुसरी बाई आणा.

सुगंधा भरत राहिली. तिला घरी लेकरं आहेत, मी तिला दोष देत नाही. पण मी जिना उतरताना तिच्या फावड्याचा आवाज वरून येत होता. मला मॅडमचा राग आला, मुकादमाचा आला, तिचा आला. माझ्या हातांचाही आला.

पुढे आम्ही वाडीतल्या बायका वाटेत आडव्या उभ्या राहिलो. टेंपोवाल्याने शिव्या दिल्या, गाडी वळवली. जिंकलो असं वाटलं. मग कळलं, तोच माल विचुंबे गावाच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात पडला. पालिकेच्या ऑफिसात गेलो. जवळपास एक जागा द्या म्हटलं, जिथे गरीब टेंपोवालाही थोडक्या पैशात माल देऊ शकेल, तिथून तुम्ही यंत्रावर न्या. साहेब म्हणाले, ते विचाराधीन आहे. आधी ती मसणवट असल्याचा पुरावा आणा.

मसणवट अजून ढिगाखालीच आहे.

आता मजूर नाक्यावर कुणीही मुकादम आला की मी एकच विचारते. तोडायचं काम असलं आणि माल कुठे जाणार ते सांगता येत नसलं, तर मी बसून राहते. बाकीच्या जातात. जाऊ देत. मी भात लावीन, भट्टीवर विटा थापीन. पण एकाचं फोडलेलं घर दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांवर ओतायला माझे हात मिळणार नाहीत.