आईची प्रवाळ पिष्टी
आमच्या आईनं जन्मात कधी कांदा-बटाटा तोंडात घातला नाही. आम्ही जैन; दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. मंगळवार पेठेतल्या त्या घरात पाणी गाळायचं फडकंसुद्धा ती स्वतः धुवायची, आमच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिला पित्तानं धरलं. हातापायांची आग, पोटात अन्न ठरेना, नुसता सापळा उरला. ती जाते की काय, या भीतीनं मला घास गिळवेना. शेवटी वैद्यांनी प्रवाळ पिष्टीच्या पुड्या दिल्या, मधातून घ्यायला.

“मध चालत न्हाई आमाला,” आई म्हणाली. “माश्या मरत्यात की.”

“मग दुधातनं घ्या.”

“ह्यात काय जीवबिव न्हाई न्हवं?”

“पोवळं हाय, बाई. रत्न.”

लग्नातली पोवळ्यांची माळ आईच्या गळ्यातच होती. तिची खात्री पटली.

दीड महिन्यात ती उठली. भाकऱ्या थापू लागली, बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, चालत जाऊ लागली. मुख्य म्हणजे माझ्यावर पूर्वीसारखी खेकसू लागली. ते खेकसणं ऐकून मला किती बरं वाटायचं!

त्याच आठवड्यात प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी एक लाल फांदी दाखवली. पोवळं. झाड नव्हे, दगड नव्हे. समुद्रातल्या बारीक जिवांचा सांगाडा. सगळ्यांनी वहीत चित्र काढलं. मी काढलं नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! वैद्यांनी पुड्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितल्या होत्या. सांगितलं असतं तर तिनं पुडी तिथल्या तिथं बंद केली असती, वर प्रायश्चित्ताचे उपास धरले असते. एरवी तिची चूक काढायला मी टपलेलीच असायची. त्या दिवशी मात्र घरी आले, दूध कोमट केलं, पिष्टी ढवळली आणि गुलाबी झाक आलेली ती वाटी तिच्या हातात दिली.

भाद्रपदात पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. त्या वर्षी आईपुढं हात जोडले आणि मला रडू कोसळलं. पुढं दरसाल तेच.

आई चांगली म्हातारी होऊन गेली. तिच्या शेवटच्या क्षमावणीला म्हणाली, “एवढं काय केलंयस गं, दरसाल रडायला?”

“काय न्हाई.”

“मग पूस डोळं. केली क्षमा.”

कशाची केली, ते तिला कधीच कळलं नाही. तिला फसवलं याचं मला आजही वाईट वाटतं. आणि आज पुन्हा ती वेळ आली, तर मी दूध कोमट करायलाच उठेन.