एलादिओचा ढोल मी शेकला

एलादिओ बारेलाला आमच्या मोहल्ल्यात सगळे रेडिओ म्हणायचे. कुठलंही स्टेशन लावा, हा वाजणार. लग्नात वॉल्ट्झ, सर्कशीत मार्च, हॉटेलात बोलेरोची प्रेमगाणी, मयताला संथ ठेका. एकदा कानावर पडलं की हातात आलं, आणि आठवड्याभरात त्यावर स्वतःची चाल बांधून हा मोकळा. मला त्याचा राग यायचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला भला माणूस समजायची चूक तुमच्याकडून होणार नाही.

मी बासिलिओ, ढोल शेकणारा. आमच्या मॉन्टेव्हिडिओच्या ढोलांना आवळायच्या चाव्या नसतात, चामडं लाकडावर खिळ्यांनी ठोकलेलं असतं. मिरवणूक निघायच्या आधी रस्त्याच्या कडेला रद्दी आणि खोकी पेटवायची, ढोल विस्तवासमोर मांडायचे, चामडं ताणलं की आवाज चढतो. चाळीस वर्षं मी हेच केलं. वाजवायला मला कुणी घेतलं नाही. अठरा वर्षांचा असताना एकदाच ओळीत उभा राहिलो, तर आमच्या ताफ्याचा म्होरक्या इलारिओकाका म्हणाला, "बासिलिओ, तुझा हात म्हणजे भिजलेला पाव. तू आपला विस्तव सांभाळ." सगळे हसले. शेजारी माझ्याच वयाचा एलादिओ उभा होता, तोही हसला.

त्याचा बाप पहिल्या रांगेत उजव्या टोकाला मोठा ढोल वाजवायचा. एका हातात टिपरू, दुसरा हात मोकळा. बाप गेला तेव्हा ती जागा मुलाची होती, पण मुलगा होता प्रवासी जहाजावर, म्हाताऱ्या इंग्रजांना नाचवत. जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवली. तेवढ्यात साबणाची ती जाहिरात आली. सकाळी सगळ्या चाळीत रेडिओ लागलेले, आणि त्यातून आमचा ठेका येतोय. आमचा. आजे-पणजे याच अंगणात झिजले तेव्हा तो घडला, दोन गल्ल्या पलीकडच्यांना आजही जमत नाही, आणि त्यावर एक बाई गातेय की तिची कातडी किती मऊ झाली. संगीतकार, एलादिओ बारेला. काकाने त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं.

त्यानंतर त्याने काय नाही केलं. फुटबॉल क्लबचं गाणं बांधलं, चर्चची प्रार्थना बांधली, ब्राझीलमध्ये सिनेमांना पार्श्वसंगीत दिलं, टँगोवाल्यांमागे ढोल वाजवला आणि टँगोवाल्यांना कधीच ढोल लागत नव्हता, तो लागायला लावला. हे सगळं खरं. नाकारायला मी काही आंधळा नाही.

एकसष्टाव्या वर्षी परत आला. बायको सोडून गेलेली, दात नवे. थेट काकाच्या दारात. मी तिथेच माटे, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसलो होतो.

"काका, एकदा वाजवू द्या. सहा जानेवारीला, संत बाल्तासारच्या मिरवणुकीत, बापाच्या जागी."

"कोण रे तू? ब्राझीलचा की साबणाचा?"

"तुमचाच होतो, काका."

"सगळ्यांचाच होतास." काकाने माटेचं भांडं पुन्हा भरलं आणि त्याच्यासमोरून हात नेऊन मला दिलं. एलादिओ ते बघत उभा राहिला. मग काका म्हणाला, "घे बापाचा ढोल. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत वाजव. तोवर तू आणि चामडं टिकलात, तर जागा मरेपर्यंत तुझी. नाही तर या रस्त्यावर पुन्हा ढोल घ्यायचा नाही."

"मला आता दुसरं काही नकोच आहे," जिना उतरताना तो मला म्हणाला. डोळे पुसत होता. मला मात्र वाटलं, याला आयुष्यभर सगळं मिळालं, आता हेही मिळणार.

सहा जानेवारीला ऊन मरणाचं होतं. संत बाल्तासारची मूर्ती उचलायची तयारी चाललेली, बायका झालरी सावरतायत, आणि मी विस्तवाशी. आमच्यात ज्याचा ढोल त्याने स्वतः बोटाने ठोकून ऐकायचं आणि मग उचलायचा. पण तीस वर्षं चाव्यांच्या ढोलांवर वाजवलेला हा माणूस नुसता तळवे पुसत येरझाऱ्या घालत होता.

"झाला का रे, बासिलिओ?"

मी ठोकला. झाला होता, अगदी बापाच्या वेळचा आवाज.

"अजून थोडा," मी म्हणालो.

बाकीचे ढोल मी मागे ओढले, त्याचा ठेवला. खिळ्यांजवळ चामडं तपकिरी झालं, केस जळाल्यासारखा वास आला. मग म्हणालो, "घे. आता झाला." त्याने न ठोकता पट्टा गळ्यात घातला.

आणि वाजवला. काय वाजवला तो. साबण नाही, जहाज नाही, ब्राझील नाही, नुसता आमचा रस्ता. गॅलरीतल्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. मी ओळीच्या बाजूने चालत होतो, नजर त्या तपकिरी चामड्यावर. काका पुढे चालला होता, तो वळला आणि त्याने एलादिओकडे बघून मान हलवली. पस्तीस वर्षांनी.

चर्च वीस पावलांवर असताना चामडं फाटलं, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत. फुटपाथवरून कुणीतरी ओरडलं, "रेडिओ बंद पडला." मग सगळा फुटपाथ तेच ओरडत सुटला, पोरंटोरं, बायका, दोन गल्ल्या पलीकडचेही. एलादिओने ढोलाच्या लाकडावर टिपरू मारून ठेका चालू ठेवला. चालतं आमच्यात तसं. काकाने येऊन त्याच्या हातातलं टिपरू काढून घेतलं.

"ज्याला आपलं चामडं ऐकू येत नाही, त्याला आम्ही काय करायचं?" काका म्हणाला.

ओळ मधेच सोडता येत नाही. फाटका ढोल गळ्यात घेऊन तो शेवटपर्यंत मुकाट चालला, पुढचे अकरा चौक.

नंतर माझ्याकडे आला. मी राख विझवत होतो.

"चूक माझी. ठोकून बघायला हवं होतं. तुझा विस्तव कधी चुकत नाही, मी सगळ्यांना तेच सांगितलं."

"होतं असं," मी म्हणालो.

"नवं चामडं चढवशील? घरात वाजवेन."

"लाकूड तडकलंय, एलादिओ. हे बघ, इथे." तिथे काही नव्हतं. त्याने बोट फिरवलं, त्याला काही लागलं नाही, तरी मान हलवली. या कामात माझा शब्द अखेरचा, हे त्याला ठाऊक होतं. ढोल माझ्याकडेच ठेवून गेला.

ती जागा काकाने कुणालाच दिली नाही. मला तर नाहीच नाही. एलादिओ आता बंदराजवळच्या हॉटेलात पांढरा कोट घालून वाजवतो, गिऱ्हाईक मागेल ते. नवीन चाल बांधत नाही म्हणे. त्याच्या बापाच्या ढोलाला मी केव्हाच चामडं चढवलंय. दर सहा जानेवारीला इतर कुणी यायच्या आत मी तोच ढोल पहिला शेकतो, दोन ठोके मारतो, भिजल्या पावाचे, आणि पोत्याखाली झाकून ठेवतो.

या वर्षी एलादिओ चर्चच्या कोपऱ्यावर उभा होता, हात खिशात. ओळ पुढे गेल्यावर त्याने मला थांबवलं.

"बापाच्या ढोलाचं लाकूड आहे का रे अजून?"

"जाळलं," मी म्हणालो.

"बरं केलंस," तो म्हणाला. "तुझ्या विस्तवात गेलं ना, मग ठीक."