दोन अणू, एक पडदा आणि आप्पांचा प्रश्न

माझं संशोधन परदेशातल्या परिषदेत मांडायला निवडलं गेलं, तेव्हा आमच्या गावात, वरव्यात, देवळासमोर माझा सत्कार झाला. भोरच्या कॉलेजचे प्राचार्य पाहुणे होते. शाल-नारळ झाल्यावर मी माइक घेतला आणि जरा जास्तच रंगात आले. वस्तूभोवतून उजेड वळवून तिला दिसेनाशी करणारे पदार्थ असतात. दोन अणू एकमेकांत असे गुंततात की लांब राहूनही त्यांचं नातं सुटत नाही. आणि असा पदार्थ शेजारी असला तर तो गुंता किती टिकतो, याचं मी गणित करते, वगैरे. माझ्या गणितात तो झकास टिकत होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून माझे वडील उठले. जवळच्या कारखान्यात पत्र्याच्या पेट्यांना रंग मारण्यात आप्पांची हयात गेली.

"कंचाबी रंग आसू दे, थोडा उजेड पितोच," ते म्हणाले. "तुजा पडदाबी पीत आसंल की. मंग त्या गुंत्याचं काय व्हतं?"

प्राचार्यांसमोर त्यांचं ते बोलणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आप्पा, हे तुमच्या कामातलं नाही, बसा तुम्ही," मी माइकवरूनच म्हणाले. लोक हसले. आप्पा बसले.

पुढच्याच महिन्यात पुण्यात माझ्या मार्गदर्शक बाईंनी नेमकं हेच विचारलं. पदार्थ उजेड अजिबात शोषत नाही, असं मी सोयीसाठी धरून चालले होते. शोषण धरून गणित मांडलं तर गुंता बघता बघता विरला. निबंध मागे घ्यावा लागला, परदेश राहिलाच. बाईंचे मात्र मी मान खाली घालून आभार मानले. त्यांना 'बसा' म्हणायची माझी काय बिशाद!

नवं गणित जमल्यावर घरी गेले. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढंच एसटीत घोकत होते. दुपारी जेवणं झाल्यावर आप्पांपुढे आलेख पसरला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, विचारलं काहीच नाही. मिक्सर बिघडला तरी दहा प्रश्न विचारणारा हा माणूस.

"काही विचारायचंय का?" मी म्हटलं.

"न्हाई. त्या दिशी चारचौघांत म्या उठाया नको व्हतं. पावण्यांम्होरं तुला कमीपणा आला. चुकलं माजं."

घोकलेलं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. बाहेर पडलं ते भलतंच, आजही त्याची लाज वाटते.

"असू द्या, आप्पा," मी म्हणाले.