न मागितलेली पोच

माझा धाकटा भाऊ कचेरीत टपालाच्या टेबलावर चोवीस वर्षं बसला. बाहेर गेलेल्या प्रत्येक पत्राची पोच आली की नाही हे पाहणं, एवढंच त्याचं काम. सगळे त्याला पोचसाहेब म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी हा म्हणणार, "ताई, पोचलीस की कळव." मी म्हणायचे, "सगळ्यांकडून पोच मागतोस, पण तुला स्वतःला काडीची पोच नाही." तो हसायचा. मीही हसायचे.

कचेरीत संगणक आले तेव्हा बाकीचे चार हात लांब राहिले. हा मात्र त्यांच्या मागेच लागला. चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकला आणि नावांच्या याद्या अकारविल्हे लावणारं एक छोटं पॅकेज, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येईल असा प्रोग्रॅम, लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलं. जोडाक्षरांपुढे भल्याभल्यांची गाळण उडते, याचं पॅकेज बिनचूक चालायचं. त्याची लेक तेव्हा शाळेत होती. शेजारी बसून मुद्दाम वेडीवाकडी नावं टाइप करायची आणि बापाला खिंडीत पकडायची.

पण आपलं पॅकेज कुठे कुठे पोचलं हे त्याला कळेना, आणि ते त्याला सोसेना. मग त्याने त्यात एक ओळ घातली. कुणीही ते इन्स्टॉल केलं की त्या संगणकाचं नाव, संस्थेचं नाव आणि गाव गुपचूप याच्याकडे यायचं. ज्याचा संगणक, त्याला गंधवार्ता नाही. "त्यात काय, पोचच तर आहे," तो म्हणाला. तेव्हाच मी त्याचा कान धरायला हवा होता. उलट आज कुठून पोच आली म्हणून मीच कौतुकाने विचारायचे.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली. ती वेळेवर पोचली का, हे हा तिच्या साहेबांना फोन करून विचारायचा. हॉस्टेलच्या बाईंनाही. तिने समजावलं, भांडली, शेवटी नोकरी बदलून दूर गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मी बरी असेन. मला शोधू नका. वर्षभरात मीच येईन." त्याने मान डोलावली. आणि खरं सांगते, सात महिने त्याने स्वतःला आवरलं.

आठव्या महिन्यात एक पोच आली. संगणकाचं नाव होतं 'खारूताई'. लहानपणी तो तिला याच नावाने हाक मारायचा. खाली एका ग्रंथालयाचं नाव आणि गाव.

त्याने मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ग्रंथालयाच्या काउंटरपुढे हजर. आधी तिला आनंदच झाला, असं तो अजून सांगतो. मग तिने विचारलं, "पत्ता कुणी दिला?" आणि या शहाण्याने छाती फुगवून सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग संगणकाकडे बघत म्हणाली, "परक्याचं काही घेताना मी आतली ओळ न् ओळ वाचते, बाबा. हे एवढं वाचलं नाही. तुमचं होतं म्हणून."

तो परतला तो थेट माझ्याकडे. चपला न काढता खुर्चीत बसला आणि रडला. त्याच आठवड्यात त्याने ती ओळ काढून टाकली, साठवलेली सगळी यादी पुसली, वापरणाऱ्यांची जाहीर माफी मागितली. आता पॅकेज आधी विचारतं, 'पोच पाठवू का?' जवळजवळ सगळे नाहीच म्हणतात. वर्ष उलटून गेलं, लेक आली नाही. मी वेळीच बोलले असते तर, हे माझ्या मनातून जात नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, आधी विचारून. ग्रंथालयात तिने माझ्यासमोर ते नवं पॅकेज उघडलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मग घेतलं. प्रश्न आला. बराच वेळ बघत राहिली आणि 'नाही' दाबलं.

निघताना ती स्टँडपर्यंत आली. गाडी हलली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "आत्या, पोचलीस की कळव."

घरी येऊन मी तिला फोन केला तेव्हा भाऊ समोरच बसला होता. फोन ठेवल्यावर मी वाट पाहिली. ती कशी आहे, एवढंही त्याने विचारलं नाही.