हरळीवर मुरूम

मल्हारचं डोकं फिरलं, असं पिंपळीपासून इंदापुरापर्यंत जो तो म्हणत सुटला. एवढा सत्कार केला, फेटा बांधला, शाल घातली आणि हा बाबा भर कार्यक्रमात असं वागला. अरे, वागणारच. त्याच्या जागी दगड असता तरी फुटला असता. पण डोकं का फिरलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. म्हणून ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

मल्हार निरवांगीचा. बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. पोरगं त्यातच वाढलं, कशीबशी दहावी केली आणि पुण्याला जाऊन लष्करात भरती झालं. तिथं एका संध्याकाळी मैदानावर साहेबलोक कसलासा लांबुळका चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर पडत होते. चेंडू उसळून बाहेर आला तो नेमका मल्हारच्या पुढ्यात. परत फेकायचा सोडून यानं तो काखेत दाबला आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पळाला. दोघं पाठीला लटकले, तरी थांबला नाही. खेळणाऱ्यांतल्या एका कॅप्टनसाहेबांनी विचारलं, कुणी शिकवलं?

"कुणी न्हाय, साहेब," मल्हार म्हणाला. "कोकरू काखंत घिऊन पळायचं ठावं हाय. आन मेंढरू पळालं तर मागचा पाय धरून पाडायचं."

रग्बीला आणखी काय लागतं? कॅप्टनसाहेबांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून टीममध्ये घेतलं. पुढं वर्षानुवर्षं तो लष्कराकडून खेळला. खांद्याचं हाड मोडलं, नाक वाकडं झालं, कान चेचून चेचून गोळा झाले. आणि अठ्ठ्याण्णव साली भारताची टीम सिंगापूरला गेली, तिच्यात निरवांगीचा मल्हार होता. छातीवर देशाचं नाव होतं. जिंकून आला असं नाही. पण तिथून एक गोष्ट मनात घेऊन आला. तिथल्या हिरवळीवर तो दाणकन आपटला आणि उठून बघतो तर कोपराला साधं खरचटलेलंही नाही. अख्खा जन्म माळावर गुडघे सोलण्यात गेलेला माणूस तो. त्याला वाटलं, आपल्याकडच्या पोरांनी काय पाप केलंय?

पेन्शन घेऊन गावी आला, तर लोक विचारायचे, रग्बी म्हणजे काय रे, कबड्डीच का? तो समजावून सांगायचा. चेंडू घेऊन पळायचं, अडवणाऱ्यानं कमरेखाली मिठी मारून पाडायचं, रेषेपलीकडं नेऊन चेंडू जमिनीला टेकवला की गुण. ऐकून घेणारा शेवटी म्हणायचा, म्हणजे नारळ घेऊन पळायचं. पुढं त्याच्या टीमचं नावच पडलं, नारळाची टीम.

टीम उभी राहिली ती पिंपळीच्या अलीकडं एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात. संस्थेचे चेअरमन विजयसिंह, सगळे त्यांना आबा म्हणायचे. आंतरराष्ट्रीय खेळाडू आपल्या संस्थेत असला तर बरं दिसेल, एवढ्यापुरतं त्यांनी मल्हारला कोच म्हणून ठेवून घेतलं. हेडमास्तर हिंदुराव सरांनी त्याला शाळेमागचं मैदान दाखवलं. मैदान कसलं, माळ. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असा.

मल्हारचा पहिला धडा एकच, पडायला शिका. पाठ गोल करा, खांदा आधी टेकवा, हात पुढं घालू नका. पण त्या माळावर पडायला शिकवायचं म्हणजे पोरांची सालटी काढायची. त्यानं संस्थेकडं माती मागितली. "बघू," आबा म्हणाले. त्या बघूचा अर्थ आपल्याकडं लहान पोरालाही कळतो.

मग मल्हार उठला आणि गेणबामामाकडं गेला. गेणबा त्याच्या आईचा भाऊ, अजून मेंढरं राखून होता. शेतात मेंढरं बसवली की लेंड्या-मुतानं जमीन कशी फुलते, हे इकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्यासाठी शेतकरी धनगराला वर धान्य देतो. गेणबानं भाच्यासाठी पावसाच्या सुरुवातीला कळप फुकटात त्या माळावर बसवला. संस्थेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. वर बंधाऱ्यातला गाळ पोरांनी स्वतः घमेल्यांनी वाहून टाकला. आणि मग मल्हार हरळी मागत हिंडायला लागला.

आता हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्मांची वैरीण. उसात शिरली की खणून खणून कंबर मोडते, आणि बोटभर मुळी राहिली तरी पुन्हा फुटते. हा मात्र बांधाबांधावर जाऊन म्हणायचा, जाळू नका, मला द्या. लोक पोत्यानं द्यायचे आणि पाठ वळली की हसायचे. घरी त्याची बायको सारजा तर भडकलीच.

"माजा जलम गेला हरळी खणण्यात," ती म्हणाली. "आन तुमी ती लावत सुटलाय व्हय? लष्करात डोक्याला मार बसलाय तुमच्या."

पण हरळीच ती. दिवाळीपर्यंत माळ हिरवागार झाला. अनवाणी चालावंसं वाटेल अशी दाट जाजमासारखी पसरली. पोरं तिच्यावर धडाधड पडायला लागली आणि हसत उठायला लागली. शेरडं राखणारी, उसाच्या फडातून आलेली, बागायतदारांची, सगळी एकाच चिखलात लोळायची. मल्हारनं पुण्याला आपल्या जुन्या कॅप्टनसाहेबांना कळवलं. ते आता मेजर झाले होते आणि राज्याच्या संघासाठी पोरं निवडणं त्यांच्याकडं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी लष्कराच्या पोरांची टीम घेऊन ते सामना खेळायला येतील, आणि चांगली वाटतील ती पोरं उचलतील, असं ठरलं. पोरांच्या जन्मातला तो पहिलाच खरा सामना. पुन्हा कधी मेजरसाहेब या बाजूला येतील याची खात्री नव्हती. त्या एका सामन्यावर सगळं होतं.

मल्हार शुक्रवारी जर्सी आणायला पुण्याला गेला. जाताना पोरांना बजावून गेला की दोन दिवस मैदानाला भरपूर पाणी द्या, जमीन मऊ राहिली पाहिजे. पोरांनी दिलं. आणि तिथंच घात झाला.

शनिवारी दुपारी आबा मैदान बघायला आले. लष्कराचा मेजर येणार, भारताचा खेळाडू आपला, मग सत्काराशिवाय कसं चालेल? मांडव पडला पाहिजे, सोफे लागले पाहिजेत, पाहुण्यांच्या गाड्या थेट मांडवापर्यंत आल्या पाहिजेत. आबांचा बूट हरळीत रुतला. बुटाला चिखल लागला. आबा म्हणाले, हा काय राडा आहे? पाहुण्यांच्या गाड्या रुतून बसतील. आणि आबांनी फोन फिरवला.

मल्हार संध्याकाळी जर्सीचं गाठोडं खांद्यावर टाकून एस.टी.तून उतरला. मैदानाजवळ आला आणि उभाच राहिला. हिरवं काही दिसत नव्हतं. तांबडा मुरूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला, आणि त्याच्यावर रोलर फिरत होता. टिपरांवर टिपर ओतले होते. हिंदुराव सर हसत पुढं आले.

"या, सर. बघा काय कडक ग्राउंड करून दिलंय," ते म्हणाले. "आबा स्वतः उभे होते. माती मागत होता ना तुम्ही? संस्थेनं मुरूम दिला. वर पांढऱ्या फक्कीनं रेषाही मारून घेतल्या."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मल्हारला तेव्हा समजली. शिव्या द्याव्यात तर समोरचा माणूस मनापासून खूश झालेला. अशा माणसाचं काय करायचं, सांगा. वैऱ्यानं केलं असतं तर दोन हात करता आले असते. हे प्रेमानं केलेलं. मल्हारनं रोलरवाल्याला हात केला, थांबायला सांगितलं. तो म्हणाला, आबांना विचारा. तोवर मुरूम बसून दगड झाला होता.

रविवारी सकाळी मेजरसाहेबांची बस आली. साहेब उतरले, बुटाच्या टोकानं जमीन उकरायला गेले, तर उकरेना. त्यांनी मल्हारकडं बघितलं. "पोरं तुझी आहेत, मल्हार. तू म्हणशील तसं."

पोरं नव्या जर्सी घालून ओळीनं उभी होती. "खेळतो की, सर," म्हणाली. "लागलं तर लागलं." ज्या पोरांना आपण न लागता पडायला शिकवलं, तीच आता सोलून घ्यायला तयार आहेत. तो म्हणाला, "न्हाय. कुणी खेळायचं न्हाय." आणि पोरांच्या तोंडाकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही.

सामना गेला. सत्कार मात्र झाला, आणि काय थाटात झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, एकामागून एक भाषणं झाली. मल्हारला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. आबा म्हणाले, संस्था खेळाडूंच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे, मैदानासाठी संस्थेनं खर्चाकडं बघितलं नाही. सोफ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माइक मल्हारपुढं आला.

"आबा," मल्हार म्हणाला, "माझी एकच विनंती हाय. खाली या, आन या ग्राउंडावर एकदा पडून दावा."

लोक हसले. वाटलं, कोचसाहेब गमतीचे आहेत. आबाही मोठ्यानं हसले आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी मल्हारचं उरलंसुरलं भान गेलं. त्यानं माइक खाली ठेवला, शाल खुर्चीवर टाकली, सत्काराचा नारळ काखेत दाबला आणि स्टेजवरून उडी मारून पळत सुटला.

फेट्याचा शेमला मागं उडत होता. पन्नाशी अजून लांब होती आणि पायात जुनी ताकद होती. सोफ्यांना वळसा घालून तो फक्कीच्या रेषेकडं सुटला आणि रेषेच्या अलीकडूनच त्यानं अंग झोकून दिलं. मुरमावरून घासत गेला. नारळ रेषेपलीकडं जमिनीला टेकवला. मग उठला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सोफ्यांसमोर येऊन उभा राहिला. दोन्ही कोपरं सोलली होती, गुडघ्यावर पॅन्ट फाटून मांस दिसत होतं.

"हे बगा," तो म्हणाला. "मला पडायला येतंय. देशासाठी पडलोय मी. तरी ही गत. पोरांचं काय झालं असतं? पोरांनी घमेल्यांनी गाळ वाहिला, मामानं मेंढरं बसवली, दुसऱ्यानं उपटून टाकलेली हरळी आमी लावली. तुमी एका दुपारी ती दाबून मारली. कशासाठी, तर बुटाला चिखल लागला म्हणून."

टाळी कुणी वाजवली नाही. तेवढ्यात हिंदुराव सरांनी माइकवरून प्रथमोपचाराची पेटी मागवली. मेजरसाहेब उठले, मल्हारच्या खांद्यावर हात ठेवला. "असलं मैदान पुन्हा कर," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठंही कर. मी येतो." आणि बस पुण्याकडं वळली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, सत्कारमूर्तींनी दाखवले रग्बीचे चित्तथरारक प्रात्यक्षिक. वाचून मल्हारनं पेपर चुलीत घातला. शाळेत तो पुन्हा गेला नाही.

निरवांगीच्या घरी, ओट्यावर उन्हात बसून सारजा सुईच्या टोकानं त्याच्या कोपरातले मुरमाचे कण काढत होती.

"गेणबामामाची मेंढरं कवा येत्यात माघारी?" मल्हारनं विचारलं.

"पावसाच्या तोंडाला. तुमाला ठावं न्हाय व्हय?" सारजानं एक कण काढून लांब फेकला. मग मान वर न करता म्हणाली, "विहिरीकडचा तुकडा सगळा हरळीनं भरलाय. औंदा मी खणत न्हाय. पोरान्ला सांगा, हितं या म्हणावं. आन माझ्या रानात मुरमाची गाडी कोण घालतंय, ते मी बगते."