मास्तरांचं गप्प बसणं

डॉक्टरांनी मास्तरांच्या मेंदूतली गाठ काढली आणि ऑपरेशन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. भेटायला येणारेही तेच ऐकवत. त्यामुळे नंतर येणाऱ्या झटक्यांबद्दल कुरकुर करणं मास्तरांना कृतघ्नपणाचं वाटे. मोठे झटके गोळ्यांनी थांबले. उरले ते छोटे. बोलता बोलता मास्तर गप्प व्हायचे, नजर थिजायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं. भानावर आल्यावर मधलं काही आठवायचं नाही.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. वर्षभर झटका आला नाही तरच पुन्हा शिकवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर घरात त्यांना कोणी चहासुद्धा करू देईना. बायकोने बाथरूमची कडी काढून टाकली होती.

डॉक्टरांनी विचारलं की मास्तर म्हणत, "छे, काही नाही." हे खोटं पचलं, कारण त्यांच्या गप्प बसण्याचा लौकिक जुना. शिकणाऱ्याने चूक केली की ते ओरडत नसत, गप्प बसत. मग त्याने गाडी कडेला घ्यायची आणि आपली चूक आपणच शोधायची. त्यामुळे छोटा झटका आला तरी बायको म्हणे, "राग चावून गिळतायत. गिळू द्या."

वर्ष सरलं, परवानगी मिळाली. पहिली शिकाऊ सख्खी भाची. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवल्यावर मास्तरांना खूप दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

"मामा, गिअर बदलू?"

"मला काय विचारतेस? गाडी कण्हतेय, ती ऐक. आता उजवीकडे बघ, आणि..."

भानावर आले तेव्हा गाडी एका फाटकासमोर उभी होती, इंजिन बंद.

"सापडली चूक," भाची म्हणाली. "आरशात न बघताच वळले. तो सायकलवाला आडवा आला तेव्हा वाटलं, ब्रेक तुम्ही दाबाल. शेवटी मीच दाबला. आज फारच कडक आहात हं."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय ब्रेकवरून घसरून बाजूला पडला होता. भाचीचं उत्तर अगदी बरोबर होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चूक झाली असेल," ते म्हणाले. "मला दिसली नाही. मी शुद्धीत नव्हतो."

भाची हँडब्रेक ओढून त्यांच्याकडे वळली.

"मामीला फोन लाव. म्हणावं, डॉक्टरांकडे जायचंय. आणि आधी गाडी मागे घे, लोकांचं फाटक अडवलंयस."

"मला एकटीला मागे घेता येत नाही, मामा."

"मी बाहेरून सांगतो," मास्तर म्हणाले आणि पट्टा सोडवू लागले.